घरच्यांसाठी जुनी एसयूव्ही घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यागोत्यातल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांबरोबर मी वर्षानुवर्षं जुन्या गाड्या बघायला जात आलो आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कुटुंबाची गाडी चालकाच्या सीटवर बसून पसंत करू नका. सगळ्यात मागे जो बसणार आहे, त्याच्या जागी आधी बसून बघा.

आम्हाला एसयूव्हीच हवी का? साधी गाडी नाही का चालणार?

चालत असेल तर साधीच घ्या. घरात चार माणसं, रस्ते बरे आणि सामान बेताचं असेल, तर उंच गाडीचा वाढीव खर्च करून हाती काही लागत नाही. एसयूव्ही जड असते, त्यामुळे इंधन जास्त पिते आणि ब्रेक पॅडही लवकर झिजतात. टायर मोठे, म्हणून तेही महाग. पण घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर सीटची उंची फार कामाची असते. खाली वाकून आत शिरावं लागत नाही, बाजूला वळलं की बसता येतं. खराब रस्ता, वरचेवर सहा-सात जणांचा प्रवास, लहान मुलाला दिवसातून चार वेळा सीटमध्ये बसवणं आणि काढणं, ही सगळी खरी कारणं आहेत. उंच गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित गाडी, हे कारण मात्र धरू नका. उंचीमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते.

पाच सीटची घ्यावी की सात सीटची?

घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं. जाहिरातीत 'सात सीट' लिहिलेलं असतं, पण त्या सातव्या सीटवर माणूस बसू शकतो का, हे जाहिरात सांगत नाही.

एकदा एक गाडी बघायला मी आईला सोबत नेलं होतं. मधली सीट पुढे दुमडली तेव्हा मागे जायला वीत-दीड वीत वाट राहिली. आईने एक पाय आत टाकला आणि धरायला मूठ शोधली. मूठ नव्हती. कशीबशी मागे जाऊन टेकली, तेव्हा तिचे गुडघे छातीच्या रेषेत आले होते. मागे चाकांचा आस खालून जातो म्हणून तिथला तळ उंच असतो आणि वर डोकं लागू नये म्हणून सीट बुटकी केलेली असते. आई तक्रार करणारी नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "मी आपली पुढे बसत जाईन." ती गाडी आम्ही घेतली नाही.

तेव्हा घरातलं सगळ्यात उंच माणूस, सगळ्यात वयस्कर माणूस आणि मुलांची सीट या तिघांना घेऊनच गाडी बघायला जा. मागच्या रांगेत बसा आणि दार लावायला सांगा. गाडी फिरून येईपर्यंत, म्हणजे निदान दहा मिनिटं, तिथेच बसून राहा. तिसऱ्या रांगेत प्रत्येक सीटला डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का ते बघा. एसीची हवा तिथपर्यंत येते का? डोकं आणि मागची काच यांत किती अंतर उरतं? खिडक्यांवरून उघडणारी पडदा एअरबॅग काही गाड्यांत दुसऱ्या रांगेपर्यंतच असते, तिसरी रांग तशीच उघडी राहते. हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

मग वजनाचा हिशेब करा. पाच मोठी माणसं ७० किलोप्रमाणे ३५०, दोन मुलं ३० किलोप्रमाणे ६०, आणि सामान ८० किलो धरलं तर ४९० किलो झाले. गाडी एकूण किती वजन घेऊ शकते ते दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा कागदपत्रांत असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरलेलं तुमचं. छपरावर तर बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलोच चालतं, तेही कॅरिअरचं वजन धरून. आणि सातही सीट भरल्या की डिकीत बहुतेक वेळा दोन पिशव्यांपुरतीच जागा राहते.

सात-आठ महिन्यांतून एकदाच पाहुणे येणार असतील, तर पाच सीटची मोठ्या डिकीची गाडी घ्या आणि त्या दिवसापुरती भाड्याची गाडी करा.

किती वर्षं जुनी, किती किलोमीटर चाललेली चालेल?

किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात झपाट्याने उतरते. तो फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या दरम्यानची गाडी साधारणपणे परवडते. सुरक्षिततेच्या सोयीही त्यात बऱ्यापैकी अलीकडच्या मिळतात.

किलोमीटरच्या आकड्याला मात्र एकट्याने फार महत्त्व देऊ नका. महामार्गावर एक लाख किलोमीटर चाललेली आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी, शहरात रोज दोन-दोन किलोमीटर फिरलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा साठतो, क्लच आणि ब्रेक सारखे वापरले जातात. नुसती उभी राहिलेली गाडीही बरी नव्हे. रबर कडक होतं, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्क गंजतात.

मीटर मागे केलाय का, हे कसं कळणार?

डिजिटल मीटरचा आकडाही बदलता येतो, त्यामुळे नुसता पडदा बघून विश्वास ठेवू नका. झीज बघा. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या सीटची दाराकडची बाजू. चढउतार करताना अंग तिथेच घासतं, आणि एसयूव्ही उंच असल्यामुळे ती बाजू जास्तच चेपते. तीस हजारांच्या गाडीत ती फाटलेली किंवा बसलेली असेल तर प्रश्न विचारा. पॅडलचं रबर कोरं करकरीत आणि बाकी सगळं जुनं असेल तरीही विचारा.

सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. ते एका कागदावर ओळीने मांडा. आकडा मध्येच कमी झाला किंवा दोन वर्षं जागचा हलला नाही, तर तिथे पाणी मुरतंय. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, राहते. चांगल्या गॅरेजमधल्या स्कॅनरवर ती वाचता येते.

पेट्रोल, डिझेल की हायब्रिड?

तुमची रोजची फेरी किती लांब आहे, त्यावर ठरवा. लांब पल्ल्याचा प्रवास, भरलेली गाडी आणि चढाचे रस्ते असतील तर डिझेलचा खालच्या वेगातला जोर खरंच उपयोगी पडतो. पण अलीकडच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालावी लागते. मुलांना शाळेत सोडणं, भाजी आणणं आणि परत येणं एवढ्यावर तो फिल्टर तुंबतो. बदलायचा झाला तर खर्च मोठा. तुमची फेरी अशीच छोटी असेल तर पेट्रोल घ्या. आणि तुम्ही बघताय ती डिझेल गाडी आधीच्या मालकाने कशी वापरली, हेही विचारून घ्या.

हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, मोठ्या बॅटरीची तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या आणि वॉरंटी किती उरली ते बघा. एक छोटी गोष्ट सहसा कोणी बघत नाही. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते. मुलांच्या खाऊचा चुरा, कुत्र्याचे केस आणि धूळ तिथे बसते. मग बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. जाळीवर बोट फिरवून बघा.

फोर व्हील ड्राइव्ह हवीच का?

बर्फ, चिखल, रेती किंवा कच्चा चढ तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर हवी. नसेल तर तिचं वजन आणि देखभाल फुकट अंगावर येते. आणि ती ब्रेक लावायला काहीच मदत करत नाही. निसरड्या रस्त्यावर सुटायला मदत होते, थांबायला नाही.

घेणार असाल तर चारही टायर बघा. सतत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत चार टायरांची झीज जवळपास सारखी असावी लागते. दोन नवे आणि दोन झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस आणि तिचा क्लच त्या फरकाशी रात्रंदिवस झगडत राहतात. बटण किंवा लिव्हर असलेली गाडी असेल तर टेस्ट ड्राइव्हमध्ये मऊ जमिनीवर ते लावून आणि काढून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे ते अडकलेलं असतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची भीती वाटते. घ्यावी का?

घ्या, पण गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं त्याचा पुरावा मागा. थंड गाडीत आणि तापलेल्या गाडीत असं दोनदा तपासा. ब्रेक दाबून डी (पुढे) आणि आर (मागे) टाकल्यावर धक्का बसतोय का, गिअर पकडायला दोन-तीन सेकंद लागतायत का, चढावर आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढतोय पण वेग वाढत नाही असं होतंय का? यातलं एक जरी दिसलं तरी ती गाडी सोडा. मागे ट्रेलर ओढायचा हुक लावलेला असेल तर तिने ओझी ओढली आहेत असं धरून चला आणि गिअरबॉक्स जास्तच बारकाईने बघा.

गाडी बघायला कधी जावं?

दिवसाउजेडी, कोरड्या हवेत, आणि इंजिन थंड असताना. पावसाने ओल्या झालेल्या रंगावर कुठलाच डाग दिसत नाही. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. सकाळी पहिल्यांदा चालू करताना होणारा त्रास आणि धूर लपवायला हे करतात. शांतपणे सांगा की उद्या परत येतो, गाडी चालू करू नका.

ठोकलेली गाडी कशी ओळखायची?

दूरून तिरकं बघा. दोन दारांच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? डाव्या-उजव्या बाजूची फट एकमेकींशी जुळते का? मग बॉनेट उघडून फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो. पान्याने फिरवलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला दिसतो. एका कोपऱ्यातले दोन बोल्ट फिरवलेले असणं म्हणजे तो फेंडर कधीतरी निघाला होता. ती किरकोळ खरचट असू शकते. पण रेडिएटरच्या भोवतीची चौकट सरळ आहे का, वेल्डिंगचे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, हे बघितल्याशिवाय तसं मानू नका.

दारांची रबरं जरा ओढून बघा, पुन्हा रंगवलेल्या गाडीत आत रंगाची फवारणी गेलेली दिसते. डिकीतली गादी उचला. तिथल्या पत्र्यावर सुरकुत्या असतील तर मागून जोराची धडक बसलेली आहे. सात सीटच्या गाडीत शेवटची रांग त्या पत्र्याच्या जवळच बसते, म्हणून मी हे कधीच सोडत नाही. सगळ्या काचांवरचे कंपनीचे शिक्के आणि वर्ष साधारण जुळायला हवं. बेल्टच्या खालच्या टोकाला तारखेची पट्टी असते. गाडी २०१८ ची आणि एकच बेल्ट २०२१ चा, तर तो बेल्ट का बदलला?

डेंटिंग-पेंटिंग झालं म्हणजे गाडी वाईट असं नाही. बंपर कोणाचाही घासतो. विकणाऱ्याने आधी सांगितलं का, आणि चासीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) धक्का लागला का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

पाण्यात गेलेली गाडी?

हिच्यापासून लांब राहा, कितीही स्वस्त मिळाली तरी. इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी महिन्यांनी आणि वर्षांनी त्रास देतं. एअरबॅगची तीच वायर, ब्रेकच्या सेन्सरची तीच वायर.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. एका चकचकीत गाडीत मी मधल्या रांगेचा बेल्ट असा ओढत होतो. सुरुवातीचा भाग स्वच्छ होता. हातभर आणखी ओढल्यावर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ आली, आणि रेघेच्या पलीकडचा पट्टा कडक, मातकट. धुणाऱ्याने सीट धुतली होती, कार्पेट बदललं होतं, पण गुंडाळलेल्या बेल्टकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. विकणारा म्हणाला की मुलांनी चॉकलेट सांडलं असेल. मी सीटखाली मोबाइलचा उजेड टाकला. सीटच्या रुळांचे चारही बोल्ट गंजलेले.

याशिवाय हेडलाइटच्या आतला धुरकट ओलावा, स्पेअर चाकाच्या खाचेत गाळ, डॅशबोर्डखाली हात घालून लागणारी बारीक माती, आणि गाडीत भरपूर सुगंध मारलेला असणं, ही लक्षणं ध्यानात ठेवा. काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा. पाण्यात गेलेल्या गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येतो.

छताची काच उघडणारी गाडी असेल तर छताच्या कापडावर कोपऱ्यात पिवळे डाग आहेत का तेही बघा. काचेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत झिरपतं. तो दोष वेगळा आणि दुरुस्त होणारा, पण खर्च धरावा लागतो.

मला इंजिनातलं काही कळत नाही. तरी काय बघू?

डोळे, नाक आणि कान पुरतात. ऑइलचं झाकण उघडा. झाकणाच्या आत दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. कधी थंडीत नुसत्या छोट्या फेऱ्यांनीही थोडा थर धरतो, पण ऑइल मोजायची काडी ओढून ऑइलही तसंच दिसलं तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पट्टीचा, संशय घ्या. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत तेलाचा तवंग नको. रेडिएटरचं झाकण इंजिन तापलेलं असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

गाडी चालू करून मागे उभे राहा. सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. घट्ट पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय. थंड हवेतली विरून जाणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नका. डिझेल गाडी जोर दिल्यावर काळा धूर ओकत असेल तर इंधन किंवा हवेच्या मार्गात दोष आहे.

इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. रबरी बेल्टची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, किलोमीटरमध्ये आणि वर्षांतही. बऱ्याच इंजिनांत ती एक लाख किलोमीटरच्या आसपास असते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं इंजिन खोलावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करा.

टायरवर काय वाचायचं?

बाजूच्या भिंतीवर DOT (डॉट) या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ही पद्धत २००० सालापासूनची. नक्षी खोल दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी बदल, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. अनेक देशांत नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मी त्या मर्यादेपर्यंत थांबत नाही, भरलेली एसयूव्ही पावसात थांबवायला त्याहून बरीच जास्त नक्षी लागते.

टायर फक्त आतल्या कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचा भाग वाकलाय. स्पेअर टायरही काढून बघा. गाडीच्या पोटाखाली टांगलेलं असेल तर त्याची चेन गंजून अडकलेली सापडते, आणि हे कळतं ते रात्री रस्त्यावर.

टेस्ट ड्राइव्ह किती लांब आणि कशी घ्यावी?

निदान अर्धा-पाऊण तास. गल्लीतली एक फेरी म्हणजे काहीच नाही. रेडिओ बंद, काचा आधी खाली, मग वर. घरचे सगळे आत बसवा, कारण भरलेली गाडीच तुम्ही चालवणार आहात. रिकामी एसयूव्ही चढावर पळते आणि सहा जण बसल्यावर धापा टाकते, असं खूपदा होतं.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर चाकाकडच्या जॉइंटचं काम आहे. सरळ रस्त्यावर वेग वाढला की गुंजन वाढतं आणि वळल्यावर बदलतं, ते बेअरिंग. मागे बघून, मोकळा रस्ता असताना ब्रेक घट्ट लावा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क असमान झिजल्या आहेत. गाडी एका बाजूला ओढली तर तो ब्रेक किंवा सस्पेन्शनचा दोष. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा दबून बसली पाहिजे, दोन-तीन वेळा हेलकावली तर शॉक ॲब्सॉर्बर गेले.

फिरून आल्यावर गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवून एसी पूर्ण लावा. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकतोय का, रेडिएटरचा पंखा फिरतोय का ते बघा. मागे बसलेल्यांना विचारा: गरम झालं का, मळमळलं का, बाहेरचं दिसत होतं का? मुलांना मळमळ होणारी गाडी घरात टिकत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमकं काय तपासायचं?

इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटून राहिला तर दोष आहे. मुळीच पेटला नाही, तर जास्त काळजी करा. अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायच्या, कड्या कुठल्या सीटला आहेत ते बोट घालून शोधा आणि तुमच्याकडची मुलांची सीट तिथे लावून बघा. बऱ्याच सात सीटच्या गाड्यांत त्या फक्त मधल्या रांगेच्या दोन बाहेरच्या सीटना असतात. दोन मुलांच्या सीट लावल्या की मग तिसऱ्या रांगेत कोण कसं जाणार? लावलेल्या सीटसह मधली सीट दुमडत नाही, हे घरी आल्यावर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असावंच. घसरणारी गाडी एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून ताब्यात ठेवणारी ही यंत्रणा उंच गाडीला सगळ्यात जास्त उपयोगी आहे. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. जुन्या गाडीत आहे का ते त्या गाडीपुरतं तपासा, कारण एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत ती नसू शकते.

क्रॅश टेस्टचे तारे बघताना वर्ष बघा. चाचणी दर काही वर्षांनी कडक होते, त्यामुळे २००९ चे पाच तारे आणि २०२० चे पाच तारे सारखे नाहीत.

आणि रिकॉल. कंपनीने दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांचं काम मोफत होतं, पण जुन्या गाडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत पत्र पोहोचत नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत होतं. एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे आत उडत होते आणि त्यात माणसं दगावली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, कंपनीने २०१७ साली दिवाळखोरी जाहीर केली. त्या काळातली गाडी घेत असाल तर चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या.

मेकॅनिकला दाखवणं खरंच गरजेचं आहे का?

हो. तुमच्या ओळखीचा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला, आणि गाडी लिफ्टवर उचलून खालून बघणारा. चासीवर ताजा काळा रंग मारलेला असेल तर त्याखाली गंज आहे का हे त्याला ठोकून बघायला सांगा.

त्याला स्कॅनर लावायला सांगा आणि एक खास गोष्ट बघायला सांगा. विकणारे काही वेळा तुम्ही यायच्या आधी एरर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेल्या दोषांच्या नोंदी, पुसतात. तेव्हा इंजिनाच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात, कारण त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बराच वेळ चालावी लागते. कोड एकही नाही पण तपासण्या अपूर्ण, तर काहीतरी पुसलेलं आहे किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. दोन दिवसांनी परत तपासा.

विकणारा गाडी मेकॅनिककडे न्यायला नकार देत असेल तर वाद घालू नका. दुसरी गाडी बघा.

कागदपत्रांत काय बघायचं?

विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि गाडीच्या कागदावरचं नाव एकच आहे का? गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, असेल तर फिटल्याचं बँकेचं पत्र आहे का? दंड, कर, विमा यांची बाकी? चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तो नंबर काचेखाली, दाराच्या खांबावर आणि चासीवर सारखाच असावा. खाडाखोड किंवा हललेले रिव्हेट दिसले तर बयाणा देऊ नका.

दोन्ही किल्ल्या मागा. नव्या गाड्यांची किल्ली प्रोग्रॅम करून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते.

डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून?

मालकाकडे गाडीचा इतिहास कळतो: कुठे फिरली, का विकताय, मागे कोण बसायचं. डीलरकडे वॉरंटी आणि कागदांची सोय मिळते, भाव थोडा चढा असतो. मला मालकाशी बोलणं आवडतं. पण वॉरंटी लेखी देणारा डीलर मिळाला, तर ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी तिकडे जावं. तोंडी वॉरंटी वॉरंटी नसते.

भाव कसा करायचा?

मेकॅनिकने काढलेली कामांची यादी आणि प्रत्येकाचा खर्च कागदावर लिहून न्या: चार टायर, टायमिंग बेल्ट, ब्रेक. 'थोडं कमी करा' म्हणण्यापेक्षा तो कागद समोर ठेवला की बोलणं लवकर मिटतं. गाडीच्या किमतीव्यतिरिक्त पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे राखूनच आकडा ठरवा. आणि "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे" हे ऐकल्यावर घाईने पैसे काढू नका. येऊ द्या.

गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं?

मागची बिलं असोत नसोत, इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदला. ब्रेकचं ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला, ते हवेतला ओलावा शोषतं आणि उतारावर ब्रेक तापला की पॅडल खाली जातं. विमा आणि मालकी आपल्या नावावर व्हायच्या आधी लांबचा बेत ठरवू नका. आधीच्या मालकाचा मोबाइल गाडीच्या यंत्रणेत जोडलेला असेल तर तो काढा, आणि कंपनीच्या ॲपवर त्याचं खातं अजून चालू आहे का तेही बघा, नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील.

मग एका सुटीच्या दिवशी घरासमोरच स्पेअर चाक उतरवा, जॅक लावा आणि एक चाक बदलून बघा. घरात गाडी चालवणारे जितके आहेत, त्या प्रत्येकाने एकदा.